सैल केलेली गाठ

"या नातेवाइकांना म्हणावं तरी काय! गाठ सोडायला सांगितली कुणी होती?"

ऑपरेशनच्या खोलीबाहेर सुनेची वाट बघत बसलेल्या आक्कांनी कान टवकारले. दारात दोन नर्स बोलत होत्या.

"कुठली गं गाठ?"

"अगं, त्या स्कूटरवरून पडलेल्या बाईची. कमरेखालचा सांधा निखळून हाडं फाकलीत. आत रक्त वाहू नये म्हणून आणल्या आणल्या चादर करकचून बांधली होती. प्लेट आणि स्क्रू बसेपर्यंत तेवढाच आधार. बघते तर सैल!"

"बाप रे! मग?"

"बीपी धाडकन खाली. आता रक्त चढवत चढवत ऑपरेशन चाललंय."

नर्स आत गेल्या. आक्का शेजारी बसलेल्या आपल्या मुलाकडे वळल्या.

"चादर कुणी सोडली रे?"

"आई, हळू बोल ना."

"मी काय विचारतेय?"

"ऑफिसातले लोक भेटायला येणार होते. कपड्यांवरून अशी आवळलेली चादर... चारचौघांत कसं दिसतं ते?"

"ती काय म्हणाली?"

"नको म्हणाली."

"आणि तू?"

"थोडीशीच सैल केली गं."

आक्का उठून उभ्या राहिल्या. सगळा बाक ऐकत होता.

"थोडीशी! पाहुणे यायच्या आधी पडदा सारखा करावा, तशी बायको सारखी केलीस होय? ती वाचली, तर शुद्धीवर आल्यावर तू गाठ सोडल्यानं काय झालं ते स्वतःच्या तोंडानं सांगायचं तिला. तोवर माझ्या शेजारी बसायचं नाही. ऊठ!"