नातं असल्यास लिहावे

कंपाउंडर : आणि या रकान्यात काय लिहू, बाई? ‘समितीतल्या कोणाशी नातं, मैत्री किंवा हितसंबंध असल्यास लिहावे.’

डॉक्टर : जनतेतून बोलायचा फॉर्म तुम्ही अजून भरताय? दहा मिनिटांत सुनावणी आहे. आणि मी समितीवर आहे, असं व्हरांड्यात बोलू नका माझ्याशी.

कंपाउंडर : मी कुठे बोलतोय? मी मोठ्यानं वाचतोय. तुम्ही मध्ये आलात.

डॉक्टर : बघू. व्यवसाय... ‘पुड्या बांधणे. सवड मिळाल्यास सोडणे.’ अहो, सरकारी कागद आहे हा.

कंपाउंडर : खाली लिहिलंय ना, माहिती खरी असावी.

डॉक्टर : तुम्ही सुधारणार नाही.

कंपाउंडर : सुधारणा तुमची समिती करतेय की. आपला दवाखाना त्या मोठ्या हॉस्पिटलच्या घशात घालायचा, तिला सुधारणा म्हणतात म्हणे. चार जण हो म्हणणारे, चार नाही म्हणणारे. नववं मत तुमचं.

डॉक्टर : हे कोणी सांगितलं?

कंपाउंडर : तुमच्या शिपायानं. खोकल्याच्या दोन गोळ्यांत फुटला बिचारा.

डॉक्टर : मग हेही सांगितलं असेल, की नातं निघालं तर मला मत देता येणार नाही.

कंपाउंडर : म्हणून तर ‘नाही’ लिहायचंय. दोन अक्षरं.

डॉक्टर : लिहा मग. पेन कुठे अडलंय?

कंपाउंडर : अकरा वर्षं तुम्ही टेबलाशी, मी औषधाच्या खिडकीशी. मध्ये एक पडदा. ‘नाही’ लिहायला गेलं की हात जड होतो हो.

डॉक्टर : बदलीचा कागद आला तेव्हा नाही बोललात काही.

कंपाउंडर : कंपाउंडरनं डॉक्टरला काय म्हणायचं? थांबा? तुमची खुर्ची मात्र पुसतो रोज. नवे डॉक्टर वैतागतात, म्हणतात बसू द्या की जरा.

डॉक्टर : माझा घसा बसला होता, तेव्हा तुम्ही बाटली पाठवली होती. आठवतं?

कंपाउंडर : टाकून द्या. मुदत कधीच संपली तिची.

डॉक्टर : औषध तेव्हाच संपलं. लेबल आहे. ‘दिवसातून तीनदा, हसून झाल्यावर.’

कंपाउंडर : घेता का अजून?

डॉक्टर : एकदा. तेही सुट्टीच्या दिवशी.

कंपाउंडर : हे बघा, लिहिलं. ‘नाही.’ जा आता आत. तुमचं मत पडलं की दवाखाना वाचला. रोजची दीडशे माणसं येतात त्या खिडकीशी. माझ्या दोन अक्षरांचं काय एवढं?

डॉक्टर : समितीतल्या हो म्हणणाऱ्या एकांचा जावई त्याच मोठ्या हॉस्पिटलात साहेब आहे. त्यांनीही हीच दोन अक्षरं लिहिलीत.

कंपाउंडर : मग विचारा की त्यांना, सगळ्यांदेखत.

डॉक्टर : विचारणारच आहे. पण कुठल्या तोंडानं? म्हणून माझा फॉर्म मी सकाळीच दिला.

कंपाउंडर : काय लिहिलंत?

डॉक्टर : ‘आहे.’

कंपाउंडर : बाई! मत घालवलंत? आणि... काय आहे म्हणून लिहिलंत?

डॉक्टर : रकाना पुरला नाही. मागच्या बाजूला लिहिलं.

कंपाउंडर : मागचं कोणी वाचत नाही हो.

डॉक्टर : अध्यक्षांनी वाचलं. चष्मा काढून पुसला, परत वाचलं. म्हणाले, मत नाही, पण जनतेत बसून बोलता येईल. मी बोलणार आहे. जावयाचंही विचारणार आहे. ते सासरे उठून बाहेर गेले, तर चारास तीन, दवाखाना वाचला.

कंपाउंडर : आणि नाही उठले तर?

डॉक्टर : तर नाही. तुमचा फॉर्म आणा इकडे. ‘नाही’ खोडा.

कंपाउंडर : खाडाखोड चालत नाही, लिहिलंय वर.

डॉक्टर : चालेल. शेजारी सही करा.

(सभागृहात. समितीच्या टेबलाशी एक खुर्ची रिकामी. समोर, जनतेच्या बाकांवर गर्दी.)

शिपाई : बाई, तुमची जागा तिकडे, वर.

डॉक्टर : माहीत आहे. कंपाउंडर, सरका जरा.