गादीचं प्रकरण

(अमेरिकेतल्या ओहायो नदीच्या उत्तर काठावरचं एक गाव, १८५४. पलीकडच्या काठावर गुलामगिरी आहे, अलीकडे नाही. लेखिका थर्झाबाईंचं स्वयंपाकघर. टेबलावर नव्या कादंबरीचे कागद. शेजारी शिवण घेऊन केझाया.)

केझाया : नाही थर्झाबाई, एखादं वाक्य बदलून भागायचं नाही. अख्खं प्रकरणच काढा.

थर्झा : अगं, तेच तर काळीज आहे कादंबरीचं! पिसांच्या गादीत शिवून घेतलेली गुलाम बाई, गादीची गाडी तराफ्यावर चढते, आणि नेमकी तिला शिंक येते. काल पाद्रीसाहेबांना वाचून दाखवलं, तर रडले.

केझाया : त्या गादीत मी नव्हते रडले. मी शिंक दाबत होते.

थर्झा : तुझं नाव कुठं घातलंय मी?

केझाया : नाव नाही, गादी तर माझीच ना? पिसं साफ करायला पलीकडच्या गाद्या अजून दर वसंतात इकडेच येतात. हे छापलं, की मालक एकेका गादीत सुरी खुपसून बघतील.

थर्झा : गुलामगिरीविरुद्धचं पुस्तक ते वाचतात कशाला?

केझाया : शिव्या द्यायला तरी वाचतील. आणि माझी बहीण अजून तिकडेच आहे, बाई.

थर्झा : ...सात वर्षांत कधी बोलली नाहीस.

केझाया : तुमच्या हातात सतत टाक असतो.

थर्झा : तुला वाचायला शिकवलं, तिथंच फसले मी.

केझाया : आता काय उपयोग! चहा घ्या.

थर्झा : मेपलच्या झाडाची साखर घाल. गुलामांनी पिकवलेल्या उसाला वीस वर्षं शिवले नाही, म्हणून काय मिरवत होते, आणि छापायला काय निघाले होते! आण इकडे ते कागद.

केझाया : अहो, चुलीत? मागची बाजू कोरी होती!

थर्झा : जळू दे. पण उद्याच्या टपालगाडीनं प्रकरण गेलं पाहिजे. माझी बाई आता नदी ओलांडणार कशी?

केझाया : चाळीस मैल खाली, दलदलीतून. पोकळ ओंडक्यात बसून.

थर्झा : ओंडक्यात? यावर विश्वास कोण ठेवेल?

केझाया : मालक ठेवतील. आम्हाला याहून जास्त सुचत नाही, अशी त्यांची खात्रीच आहे. शिरू देत कुत्री घेऊन चिखलात.

थर्झा : डास घालू?

केझाया : भरपूर. साप पण घाला एक.

थर्झा : दोन घालते! मजा येतेय गं. वर्तमानपत्रवाले म्हणतील, म्हातारीला आता सुचेनासं झालं.

केझाया : म्हणू देत.

थर्झा : म्हणू देत. बहिणीचं नाव काय म्हणालीस?

केझाया : म्हणालेच नाही. इथं आली, की तीच सांगेल.