शांताक्काच्या मागची लाट

उदगीर जिल्हा होणार म्हणून चौकात बॅनर लागले होते ना, त्या दुष्काळातली गोष्ट. नळ कोरडे, सगळी भिस्त टँकरवर. मागं राहिला त्याची घागर रिकामी. त्यात माझ्या घरी व्याही जेवायला येणार, अन् प्यायला सुद्धा पाणी न्हाई!

शेजारची वैशाली सुट्टीला आली होती. शास्त्रज्ञ पोरगी. मला कुठं राहवतंय? विचारलंच, "तिकडं लॅबमध्ये काय करतीस गं?"

"काकू, प्लाझ्मा म्हणजे सुट्या झालेल्या कणांची गर्दी. त्यात इलेक्ट्रॉनचा एक झोत जोरात घुसवायचा. गर्दी बाजूला होते, मागं लाट उठते. त्या लाटेवर दुसरा झोत सुसाट पळतो."

"अन् पहिल्याचं?"

"त्याची ताकद सरते. तीच मागच्याला मिळते."

तेवढ्यात टँकर आला. मी घागरी उचलल्या अन् थेट शांताक्काच्या पाठीला चिकटले. शांताक्का म्हणजे आमच्या गल्लीतली पैलवान बाई. ती घुसली, गर्दी दोन्हीकडं फाटली, मागून परत मिटायला लागली, अन् त्या रेट्यानं मी पाइपापाशी! शांताक्का धापा टाकत चाकाशी टेकली, तोवर माझ्या दोन्ही घागरी भरल्या.

"काकू, ही चीटिंग हाय!" वैशाली मागून ओरडली.

"चीटिंग न्हाई गं, सायन्स हाय."

पुढच्या टँकरला शांताक्का आली, पदर खोचला अन् माझ्या मागं उभी राहिली.

"वैशालीनं मला बी शिकवलंय," म्हणाली. "चल, आज तू घूस."