‘चालते व्हा’ म्हणणारे काका

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर विराजमान डॉक्टर मंडळी, कार्यशाळेचे मुख्य कारागीर, आणि समोर बसलेल्या सगळ्या कारागीर बंधू-भगिनींनो,

कृत्रिम पाय बनवणाऱ्या या कार्यशाळेला आज पन्नास वर्षं पूर्ण होत आहेत. त्यातली चौतीस वर्षं ज्यांनी इथे काढली, त्यांचा मरणोत्तर गौरव करण्यासाठी आपण जमलो आहोत. मानपत्र घ्यायला आपण मला बोलावलंत, त्याबद्दल मी आभारी आहे. ते माझे सावत्र वडील. मी त्यांना ‘काका’ म्हणत असे. ‘बाबा’ हा शब्द माझ्याकडे आधीच वापरून, मोडून पडलेला होता.

मी सात वर्षांची असताना माझे जन्मदाते एका सकाळी घरातून निघाले ते परत आलेच नाहीत. आजारी नव्हते, भांडण झालं नव्हतं. चालते झाले, एवढंच. दोन वर्षांनी आईने काकांशी लग्न केलं. मी ठरवलं, या माणसाशी बोलायचं नाही. अकरा दिवस बोलले नाही. बाराव्या दिवशी काकांनी कार्यशाळेतून एक नवाकोरा पाय घरी आणला, बूट-मोजा घालून जेवणाच्या टेबलाशी चौथ्या खुर्चीवर ठेवला आणि आईला अगदी गंभीरपणे म्हणाले, पाहुणे आलेत, वाढा त्यांनाही. मी हसू दाबलं. मग काका मला म्हणाले, “तू यांच्याशी तरी बोल. बिचारे एका पायावर आलेत.” झालं! तोंडातलं पाणी टेबलभर उडालं, आणि माझा अबोला तिथेच संपला.

आपल्याला त्यांची थट्टा मी काय सांगावी? पट्टे आवळून झाले, माणूस पहिल्यांदा दांडी सोडून उभा राहिला, की काका दाराकडे बोट दाखवून दरडावायचे, “झालं ना काम? चालते व्हा!” आणि तो माणूस रडता रडता हसायचा. आहेत ना असे काही जण इथे? दिसताहेत मला.

आई दीड वर्ष अंथरुणाला खिळून होती. त्या काळात काकांनी एकदाही मला शाळा बुडवू दिली नाही. माझी मुलगी झाल्यावर तर ते तिच्याच वयाचे झाले. मी नोकरीवर जायची, वेणी ते घालायचे. हातांना चामड्याचे पट्टे ओढायची सवय! वेणी इतकी घट्ट बसायची की पोरीच्या भुवया वर जायच्या. शाळेतल्या बाई विचारायच्या, ही रोज एवढी आश्चर्यचकित का असते?

इथवरचं भाषण मी लिहून आणलं होतं. पुढचं लिहिलं, फाडलं, पुन्हा लिहिलं. अध्यक्ष महोदय, परवानगी असेल तर तेही वाचते.

मुलगी जन्मली त्या दिवशी, इस्पितळात, ती काकांच्या हातात असताना मी त्यांच्याकडे एकच गोष्ट मागितली. माझे जन्मदाते कधीकाळी उगवलेच, तर त्यांची सावली हिच्यावर पडू द्यायची नाही. “शब्द द्या,” मी म्हटलं. “दिला,” ते म्हणाले. त्या वेळी त्यांनी थट्टा केली नाही, म्हणून मी निर्धास्त झाले.

मुलगी आठ वर्षांची झाल्यापासून दर शनिवारी काका तिला पोहायला नेत. पिशवीत टॉवेल, पोहण्याचा पोशाख. परत येताना टॉवेल ओला, केस ओले. काका मला सांगायचे, आज लांबी पूर्ण केली, आज पाठीवर तरंगली. जवळजवळ तीन वर्षं मी हे ऐकलं.

गेल्या वर्षी काका गेले. दुपारचा डबा खाऊन इथेच बाकावर टेकले ते उठले नाहीत. चार महिन्यांनी मी मुलीला घेऊन तलावावर गेले. म्हटलं, आजोबांनी शिकवलेलं बघू तरी. ती पायरीवर दांडी धरून उभी. मी म्हणते, जा ना. ती जाईना. शेवटी खाली मान घालून म्हणाली, “आई, मला पोहता येत नाही.”

मग सगळं बाहेर आलं. तलाव नव्हताच. एका इमारतीचा तिसरा मजला होता, एक खोली, बाहेर लांब व्हरांडा, आणि नळ, ज्याच्याखाली आजोबा टॉवेल आणि तिचे केस भिजवायचे. तिथे एक म्हातारे गृहस्थ राहायचे. ते कोण, हे पहिल्याच दिवशी आजोबांनी तिला सांगितलं होतं. आणि बजावलं होतं, की आईला मीच सांगेन, तू नको. आठ वर्षांच्या मुलीने ते गुपित पोटात ठेवलं. आजोबा सांगायचे राहिले आणि गेले.

दुसऱ्याच दिवशी मी इथे आले. मुख्य कारागीर व्यासपीठावर आहेत, माझं कुठे चुकलं तर सांगतील. त्यांनीच मला सांगितलं, की ते गृहस्थ साखरेच्या आजाराने उजवा पाय गुडघ्याखाली कापलेल्या अवस्थेत इथे आले. काकांनी कागदावरचं नाव वाचलं, पाणी पिऊन आले आणि समोर गुडघे टेकून माप घेऊ लागले. मुख्य कारागीर म्हणाले होते, मी हे काम दुसऱ्याला देतो. काका म्हणाले, “नको. दुसऱ्याचा हात चुकला तर मला वाटेल, मीच चुकवला.”

हे मला समजतं. पाय करणं त्यांचं काम होतं. पण पाय मिळूनही ते गृहस्थ खोलीत नुसते बसून राहायचे. काका म्हणाले म्हणे, चालायला माणसाला कारण लागतं. आणि कारण म्हणून माझी मुलगी नेली. ती व्हरांड्याच्या एका टोकाला उभी राहायची, आणि ते दुसऱ्या टोकाकडून तिच्यापर्यंत चालत यायचे. मुलीने मोजलेली पावलं मला सांगितली. बावीस.

माझ्याकडे यायला माझ्या जन्मदात्यांना तीस वर्षांत एक पाऊल टाकावंसं वाटलं नाही, आणि तेव्हा त्यांचे दोन्ही पाय धड होते.

आणि आपण? या सभागृहातल्या निम्म्या लोकांना हे ठाऊक होतं. काका गेले तेव्हा आपण माझ्या घरी आलात, माझ्या पाठीवरून हात फिरवलात. कोणालाच वाटलं नाही, हिला सांगावं? मी भांडायला आलेले नाही. पण घरच्या माणसाने फसवलं, तर ते कळण्याचा हक्क तरी घरच्यांचा असतो की नाही?

मुलगी आता तिथे जाते. नाही म्हणून पाहिलं. तिने जेवण सोडलं. मी तिला इमारतीपर्यंत पोहोचवते, जिना चढत नाही. वरून पावलं ऐकू येतात, एक दमदार, एक बोथट. काकांच्या हातचा पाय आहे, चांगलाच चालतो. मागच्या शनिवारी पट्टा सैल झाला म्हणून मुलीने तो स्वतः आवळला, आजोबांनी दाखवला होता तसा, हेही मला तिनेच सांगितलं. मला अभिमान वाटला, आणि तो वाटला म्हणून रागही आला.

काकांनी मला वाढवलं. माझ्या आयुष्यात त्यांच्याइतकं प्रेम कोणी केलं नाही. आणि त्यांच्याइतकं कोणी फसवलंही नाही. ही दोन्ही वाक्यं खरी आहेत, मी त्यांची वजाबाकी करून बघितली, होत नाही.

एक विनंती. मानपत्राचा मसुदा मला आधी दाखवलात, त्यात एक ओळ आहे: ‘दिलेला शब्द त्यांनी कधी मोडला नाही.’ ती तेवढी काढावी. बाकी प्रत्येक अक्षर खरं आहे, आणि ते मी घरात भिंतीवर लावीन.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, ऋणी आहे. समारंभाला न शोभणारं काही बोलले असेन, तर लेक समजून पोटात घाला. ते किती जड असतं, याची मला कल्पना आहे. मला स्वतःला ते अजून जमलेलं नाही. तरीही मागते.