मोबाइलवर आलेली पत्रिका

तुम्ही हसाल, पण त्या दिवशी माझा जीव नुसता टांगणीला लागला होता. ओळखीच्या नंबरवरून व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका आली आणि मी ती उघडली, त्यात सांगितलेलं ॲपही टाकलं. पत्रिका काही दिसली नाही, उलट माझ्याच फोनवरून तीच फाइल सगळ्यांना जाऊ लागली.

कॉलेजात शिकणारी माझी मुलगी ओरडली, "आई, पत्रिका पाहायला कोणी ॲप टाकते काय? हे चोरांचं काम आहे. आधी नेट बंद कर!"

नेट बंद केलं, बँकेला कळवलं आणि मुलीच्या फोनवरून एकेकाला सांगत सुटले, "उघडू नका!" फक्त नागरा गावची माझी आत्या फोन उचलेना. तिच्या खात्यात नुकतेच धानाचे पैसे आले होते. दहादा लावला, शेवटी स्कूटी काढली.

आत्या अंगणात तांदूळ निवडत होती.

"आत्या, ती पत्रिका उघडली का?"

"काऊन उघडू? तू पोरीचं लगन जुळवलं, मले पत्ता नाही. घरी येऊन अक्षत द्याले पाय दुखून राहिले काय? म्हणून तर फोन बी नाही उचलला!"

मी तिच्या पायाच पडले. तिला वाटलं, माफी मागून राहिली.