कलिंगडाचा फाउल

पंचांचं नावच काढू नका. इस्लामपुरात युनूसभाईच्या कलिंगडाच्या गाड्यावर आम्ही सकाळी मोबाईलवर अमेरिकेतल्या बास्केटबॉलचे प्लेऑफ बघतो. परवा युनूसभाईचा लाडका स्टार पडला आणि पंचाने समोरच्या खेळाडूवर फाउल दिला.

"हात लागलाच न्हाई, नाटक हाय सगळं," आमच्यातले रिटायर फौजी हवालदार भडकले. पलटणीच्या टीममधून बास्केटबॉल खेळलेला माणूस तो.

"आवं, असा धक्का बसला," म्हणत युनूसभाई कलिंगड घेऊन त्यांच्यावर धावला आणि आपणहूनच आडवा झाला. कलिंगड फुटलं. "धक्का दिला तुमी. आता ह्ये तुमीच घ्यायचं."

"मी शिवलोबी न्हाई. तू सांग रं," हवालदार माझ्याकडे वळले.

मी म्हणालो, "फाउल."

"आदी तोंडातलं कलिंगड गिळ," हवालदार म्हणाले. "अमेरिकेचा पंच निदान तोंड पुसून तरी निकाल देतो."