टावेलाखालचा सौदा

माझं माहेर मंगळवेढ्याकडचं, काळ्या रानातलं, अन् दिलं वैरागला. तितं आमचं मालक जनावराच्या बाजारात दलाल. दलाल म्हंजी काय सांगू तुमाला, एकाचा बैल दुसऱ्याच्या दावणीला जायचा, पर भाव तोंडानं बोलायचा न्हाय, टावेलाखाली हात घालायचा, ह्यानं त्याची बोटं दाबायची, त्यानं ह्याची, भवती माणसं हुबी अन् कुणाला काय कळत न्हाय. मूठ आवळली की सौदा झाला, हात काढून घेतला की मोडला. आवळल्याल्या मुठीवरनं जो मागं फिरला त्याला पुन्ना बाजारात कोन इचारत न्हाय. मालक घरातबी तसंच, मनातलं कवा दिसू द्यायचे न्हाईत. मी म्हनायची, तुमच्या तोंडावरबी टावेलच हाय की.

मग त्यांची जीभ जड पडाय लागली. आदी वाटलं तंबाकूनं आसंल. सोलापूरला नेलं, तितल्या डाक्टरीणबाईनं सगळं तपासलं अन् म्हनली, नसांचा रोग हाय, वाढतच जानार, बरा हुयाचा न्हाय. बोलनं जाईल, गिळनं जाईल, हातपाय जातील, शेवटाला श्वास, डोकं मातर शाबूत ऱ्हाईल. म्हनून आत्ताच ठरवा, पोटात नळी घालायची का, दम कोंडला तर गळ्याला भोक पाडून मशीन लावायचं का. मी म्हनलं, बाई, जित्या माणसाम्होरं ह्ये काय बोलताव. तर मालक हसले की! अडखळत म्हनले, बोलू दे तिला, पक्कं गिऱ्हाईक हाय, बैल घेनाऱ्यागत आदी दात बघतंय.

घरी आल्यावर माझा हात टावेलाखाली घेतला अन् मला बोटं शिकवली. एक बोट म्हंजी पानी, दोन म्हंजी कूस बदल, मूठ म्हंजी व्हय, हात काढला म्हंजी न्हाय. बाजारातली इद्या बायकूला कोन शिकवतंय? वाचा गेल्यावर आमी टावेलाखाली भांडायचोबी. तितंच मी इचारलं, नळी? मूठ. घरीच ठिवायचं? मूठ. मशीन? हात काढला. परत परत इचारलं, परत परत हात काढला.

धाकटं दीर चिंचोळीला कारखान्यात हायेत, दादानंच त्यास्नी वाढवल्यालं. त्ये म्हनले, वैनी, मशीन नगं असं दादा म्हनंलच कसं, टावेलाखालचं कुनी बघितलं, तुमीच दमला आसाल. माझं काळीजच फाटलं. पर खरंच की, कुनी बघितलं हुतं?

मालक खाटंवर ऐकत हुते. डोळ्यानं भावाला जवळ बलावलं. मालकांच्या हातावर टावेल हुताच, भावजीनं बाजारातल्या रीतीनं त्याच्याखाली हात घातला. तर मालकांनी दुसऱ्या हातानं, ज्या हातात पेला ठरत न्हवता त्या हातानं, टावेल वडाय सुरवात केली. मी मदतीला गेले तर माझ्यावर डोळे वटारले. वडत वडत टावेल खाली पाडला. जल्मभर ज्या माणसाचा सौद्यातला हात कुनी बघितला न्हवता, त्यो हात उघडा, वाळून काटकी झाल्याला, भावाच्या हातात. भावजीनं इचारलं, दादा, नळी? मूठ. घरी? मूठ. मशीन? एकेक बोट सोडवत, लई येळ लावत, त्यांनी हात काढून घेतला.

भावजी लहान पोरागत रडले. अन् माझ्या अंगावर काटा हुबा ऱ्हायला बघा. देवाम्होरं हुबी ऱ्हाते तवाबी मला असं हुत न्हाय. मरनाचा भाव असा उघड्यावर करनारा माणूस म्या बघितला न्हवता, अन् त्यो माझ्याच घरात हुता, इतकी वरसं. मग डाक्टरीणबाईनं सांगितलं तसा, मशीन लावायचं न्हाय म्हनून कागदबी केला, साक्षीदार म्हनून भावजीच हुबे ऱ्हायले.

आता बोटंबी गेली. पापनी मिटली की व्हय. नळीतनं पातळ पेज देते. भावजी सुट्टीला येत्यात, दादाची दाढी करत्यात. दम लागाय लागलाय आता. खोटं कशाला बोलू, कवाकवा वाटतं, लावावं मशीन, ऱ्हावू दे अजून थोडं हितंच. पर मशीन लावायचं न्हाय, ह्या सौद्याला मीबी मूठ आवळल्याली हाय. त्यो दिस येईल तवा त्यांचा हात माझ्या हातात आसंल, उघडा, वर टावेल न घालता. देवा, तेवढ्या येळंला माझी मूठ ढिली पडू देऊ नगंस.